उत्तरेच्या आकड्यावरचं पोतं

माझा जावई यार्ले ट्रॉनहाइमचा. शहरात चौथ्या मजल्यावर राहतो आणि स्वयंपाकघरात बिअर करतो. पातेलं स्टीलचं, मोजामोजीची सतरा यंत्रं आणि माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, दुकानातलं, कागदी पिशवीतून आलेलं. माणूस वाईट नाही, फक्त बोलतो फार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो आणि माझी एल्ड्रिड शेतावर राहायला आले, तेव्हा त्यानं गाडीतून आधी दोन पांढऱ्या पिशव्या उतरवल्या आणि मग बायकोला हात दिला. तिला नववा सरत आलेला. मी दारातूनच म्हटलं, की अरे शहाण्या, पिशव्या काही अवघडलेल्या नाहीत.

त्या पिशव्या बाळाच्या बिअरसाठी होत्या. आमच्या खोऱ्यात मूल व्हायच्या आधी बिअर लावून ठेवतात. आई अंथरुणातून उठली की शेजारपाजार येतो, पिंप फोडतो, आणि मूल गावाचं होतं. यार्लेला हे सगळं फार आवडलं होतं. त्याला ती बिअर स्वतःच्या हातानं करायची होती. बापाची हौस आहे, मी कशाला नाही म्हणू?

पण माल्ट कुठलं, यावर आमचं जुंपलं. त्याचं म्हणणं, बिअर करायची तर आधी पाया ठरवावा. ज्या माल्टवर सगळी बिअर उभी राहते ते फिकं, निवळ, सरळ स्वभावाचं हवं. वरून मग थोडं धुरकट, चवीपुरतं. शंभरातलं ऐंशी दुकानातलं आणि वीस आपलं घरचं, एल्ड्रिडच्या बापानं केलेलं, असा त्याचा हिशेब. जेवणाच्या टेबलावर त्यानं हे बटाटे मांडून समजावलं.

"म्हणजे हिचा बाप चवीपुरता?" मी विचारलं.

माझ्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक आहे. इंगेब्रिक्टला, माझ्या नवऱ्याला, जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते. एल्ड्रिडनं माझ्या हातावर हात ठेवला आणि यार्लेला म्हणाली, की बाबांचंच माल्ट घे, सगळंच्या सगळं. झालं. पाया ठरला. ठरवलं एल्ड्रिडनं म्हणा, पण तिला बोलायला लावलं मी. त्या दिवशी मी तोंड आवरलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आता इंगेब्रिक्टच्या माल्टचं सांगते. आमचं भट्टीघर ओढ्याकाठी, आल्डरच्या झाडांत. जव पोत्यात घालून ओढ्यात भिजवायचे, फळ्यांवर पसरून मोड आणायचे, आणि मग भट्टीवर वाळवायचे, खालून आल्डरचा जाळ देऊन. हे काम खोऱ्यात इंगेब्रिक्टसारखं कुणाला येत नव्हतं. चाळीस वर्षं दर ऑक्टोबरात तो तिथे दिवस दिवस बसायचा आणि भूक लागली की दारात उभा राहून मला हाक मारायचा. "गुनव्होर" हे माझं नाव तो असं लांबवायचा की पलीकडच्या काठावरच्या मेंढ्याही वर बघायच्या. मी इथून ओ द्यायची, "आले", आणि हातातलं काम संपवून तासाभरानं जायची. तोही समजून होता. गेल्यावर फक्त म्हणायचा, आलीस का.

दर वर्षी तो एक पोतं वेगळं करायचा. ते घरातल्या पुढच्या मरणासाठी. मरण काही सांगून येत नाही आणि माल्ट दोन दिवसांत होत नाही, म्हणून प्रत्येक घरात एक पोतं तयार असतं. ते माल्ट जास्त धुरावर वाळवतात; दिसायला इतर माल्टसारखंच, फरक फक्त चवीत. कोठीच्या माळ्यावर उत्तरेच्या आकड्याला टांगतात. वर्ष नीट गेलं तर ऑक्टोबरात नवं करतात आणि जुनं न सोडता, पोत्यासकट गोठ्यात नेऊन गाईंपुढे फाडतात. त्यातला दाणा कुणी तोंडात टाकत नाही. बिअर होऊन ती मेलेल्याच्या नावानं वाढेपर्यंत त्याची चव कुणी बघायची नसते.

आणि दक्षिणेच्या आकड्याला बाळाचं पोतं, जेव्हा असेल तेव्हा. एल्ड्रिडसाठी इंगेब्रिक्टनं ते याआधी दोनदा केलं होतं. दोन्ही वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात फोन आला आणि पोतं गाईंना गेलं. दुसऱ्या वेळी मी गोठ्याच्या भिंतीला टेकून रडले. तो रडला नाही. नुसता गाईंची पाठ खाजवत उभा राहिला. तिसऱ्यांदा जव भिजवताना म्हणाला, की या वेळी धूर अगदी बेतानं देतो, मध लागेल असं करतो. आणि केलंही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या पावसात कोठीचं छप्पर गळायला लागलं. बरोब्बर दक्षिणेच्या आकड्यावर. बाळाचं पोतं भिजेल म्हणून मी दोन्ही पोती खाली उतरवली आणि अदलाबदल केली. बाळाचं उत्तरेच्या कोरड्या आकड्याला, मरणाचं गळक्याखाली, वर प्लास्टिक टाकून. मनात होतं, छप्पर नीट झालं की परत जागच्या जागी लावू. इंगेब्रिक्टला नुसतं गळतंय एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो शिडी लावून वर चढायला लागला, आणि तिसऱ्या पायरीवर त्याचं हृदय बंद पडलं. शिडीला धरून तसाच उभा होता. मी खालून दोनदा म्हटलं, की अरे, झोप लागली का?

त्यानंतर मला पोत्यांची आठवण कुठून राहणार?

एल्ड्रिड आणि मी तपासणीसाठी ट्रॉनहाइमला गेलो त्या दिवशी यार्लेनं बिअर लावली. निघताना मीच सांगितलं होतं, की माळ्यावर दक्षिणेला एकच पोतं उरलंय, तेच घे. मदतीला शेजारचा ओडमुंड येणार होता. ओडमुंड म्हणजे इंगेब्रिक्टचा भट्टीवरचा जोडीदार. ऐंशीला टेकलाय, ऐकायला कमी येतं, पण काहिलीपुढे अजून ताठ उभा राहतो. इंगेब्रिक्टची मरणाची बिअरही त्यानंच लावली होती, उत्तरेचं पोतं स्वतः उतरवून.

आम्ही परतलो तेव्हा तीन वाजले होते आणि अंधारून आलं होतं. तपासणी छान झाली होती. बाळाचे ठोके आम्ही दोघींनी ऐकले होते, तुरुतुरु पळणारे. एल्ड्रिडला शेगडीजवळ बसवलं आणि मी तळघरात गेले, जिथे काहील असते. सगळीकडे वाफ. जुनिपरच्या फांद्यांतून गाळून रस पिंपात पडला होता आणि निवायला ठेवला होता. यार्लेचं तोंड फुललेलं. त्यानं पळीभर रस माझ्यापुढे धरला.

कच्चा रस गोड असतो. तसा हाही होता, पण जिभेवर टेकला आणि मागून धूर आला. जड, काळा, घशाला धरणारा. चाळीस वर्षांत तो धूर मी फक्त मयताच्या जेवणात चाखला होता. सासऱ्यांच्या वेळी, सासूबाईंच्या वेळी. माझ्या डोळ्यांपुढे तो गळका आकडा आला, प्लास्टिक आलं आणि माझेच हात आले. मी तिथल्या लाकडी बाकावर बसले.

यार्ले बिचारा विचारत होता की फार धुरकट झालं का. मी पळी ओडमुंडकडे दिली. त्यानं एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. मग यार्लेला म्हणाला, की जा, वरून यीस्टचं भांडं घेऊन ये, थंड जागी ठेवलंय. तो गेल्यावर त्यानं दार लोटलं.

मयताच्या दिवशी बिअर फिकी लागली होती, असं त्यानं कबूल केलं. गोड लागली होती. मला त्या दिवशी कशाचीच चव कळली नव्हती. बायका हसत होत्या, कुणीतरी गाणंही म्हटलं. त्याला वाटलं, इंगेब्रिक्ट शेवटी शेवटी मऊ झाला असेल. आधी चाखून बघायची रीत नाही, मग कळणार कसं?

मी विचारलं, की फेकून देऊ का. ओढा जवळच होता, पिंप लोटून दिलं की संपलं. त्यानं मान हलवली. वरच्या वाडीत एका बाईनं असंच केलं होतं, त्याच्या आजीच्या काळी. उघडलेलं मरणाचं पोतं पुन्हा बांधता येत नाही आणि रस ओतूनही देता येत नाही. त्याला कुणाचं तरी नाव लागतंच, आणि इंगेब्रिक्टच्या नावानं तर एकदा वाढून झालं होतं.

"आणि नाव नाही दिलं तर?" मी विचारलं.

"मग ते आपलं आपण शोधतं," ओडमुंड म्हणाला. "घरात जे सगळ्यात नवं असेल ते."

वरून एल्ड्रिडच्या हसण्याचा आवाज येत होता. यार्ले तिला काहीतरी सांगत असावा. माझ्या कानात मघाचे ते ठोके पळत होते. मला एवढा राग आला म्हणून सांगू. इंगेब्रिक्टचा आला, छपराचा आला, सगळ्यात जास्त माझा मला आला. त्या पोरीनं दोनदा रिकाम्या हातानं दवाखान्यातून घर गाठलं होतं. तिसऱ्यांदा मी ते होऊ देणार नव्हते.

यीस्ट ओतताना आमच्याकडे हाळी देतात, मोठ्यानं, घर दणाणेल अशी. बिअर ज्याची त्याचं नाव घेऊन. बाळाची असेल तर आईचं नाव घ्यायचं, आणि आई असेल तिथून ओ देते. मयताची असेल तर मेलेल्याचं, आणि मग सगळे गप्प उभे राहतात, कारण ओ द्यायला कुणी नसतं. ज्यानं हाक मारली त्यानंच ओ दिली तर ती धरत नाही. हे सगळं यार्लेला मीच शिकवलं होतं, आठवडाभर आधी, हौसेनं.

तो भांडं घेऊन आला. छातीत श्वास भरला, भांडं तिरपं केलं, आणि एल्ड्रिडचं नाव त्याच्या ओठांवर आलंच होतं. मी उठले, त्याला खांद्यानं बाजूला सारलं, भांडं हिसकलं, पिंपात रिकामं केलं आणि ओरडले, "गुनव्होर!"

माझंच नाव. आयुष्यात कधी ते मी स्वतः ओरडले नव्हते. चमत्कारिकच वाटलं, आपण दुसरीच कुणी असल्यासारखं.

यार्ले थिजून उभा. त्याला मी थाप मारली, की मयत झालेल्या घरात आधी थोरल्या बाईचं नाव घेतात. त्यानं मान डोलावली. शहरातल्या माणसाला रीत म्हटलं की पटतं. ओडमुंड मात्र टोपी काढून उभा होता. ओ कुणीच दिली नाही. माझी मला देता येत नव्हती. नाव लागलं होतं, पण बिअर अजून कुणाची झाली नव्हती. मला हाक मारणारं दुसरं कुणीतरी हवं होतं, आणि मला वाटतं ओडमुंडला धीर झाला नाही. मीही त्याला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर भ्याले.

त्या दिवसापासून ओढ्याकडून धुराचा वास यायला लागला. भट्टीघर ऑक्टोबरपासून बंद होतं. मी जाऊन बघितलं, राख थंडगार, फळ्या कोरड्या, दाराशी बर्फावर एकही पाऊल नाही. पण दारात उभं राहिलं की वास येई, ताज्या जाळाचा. एल्ड्रिडलाही आला. म्हणाली, "आई, बाबांचा वास येतोय ना गं?" मी म्हटलं, त्याचे कपडे अजून धुतले नाहीत, म्हणून.

वीस डिसेंबरला तिला मुलगी झाली. सव्वातीन किलो, काळंभोर जावळ आणि आवाज असा की नर्स कानांवर हात ठेवून हसली. मी त्या पोरीला हातात घेतलं आणि मला कशाचीच भीती उरली नाही. म्हटलं, आता मी आनंदानं जाईन. मग एल्ड्रिडनं उशीवरून सांगितलं, की नाव ठरलंय. आजीचंच.

आमच्याकडे ठेवतात आजीआजोबांचं नाव. त्यात नवल काही नाही. पण माझ्या हातातली पोर एकदम जड झाली. मी नाना तऱ्हेनं सांगून पाहिलं. म्हटलं, जुनाट आहे, शाळेत पोरं चिडवतील, तुझ्या सासूला काय वाटेल. एल्ड्रिडचे डोळे भरून आले. बाबांनीच सांगितलं होतं म्हणाली, ऑक्टोबरात, फोनवर. मुलगी झाली तर गुनव्होर ठेव, म्हणजे माझी ती हाक मारायची सवय मोडायला नको.

रुग्णालयाच्या कागदावर नाव लागलं. तळघरात पिंपावरही तेच होतं.

चोवीस तारखेला दुपारी बाळ घरी आलं. नाताळचं जेवण पाच वाजता, चर्चची घंटा झाल्यावर. यार्ले आणि एल्ड्रिड वर जरा पडले होते. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते, आणि शेजारच्या बाकावर टोपलीत पोर. जागी होती, छताकडे बघत होती. मांस शिजत होतं. खिडकीतून सरत्या उजेडात बर्फ दिसत होतं, आल्डरची झाडं दिसत होती आणि त्यांच्यामागे भट्टीघराचं दार. ते उघडं होतं.

मी सुरी खाली ठेवली. आणि तेव्हा हाक आली.

त्याचीच. तसंच लांबवलेलं नाव, शेवटी किंचित वर जाणारं, भूक लागल्यासारखं. मी मान वळवली. आणि टोपलीतल्या पोरीनंही वळवली. चार दिवसांचं मूल, ज्याची मान अजून धरत नाही, त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि डोळे मोठे केले. तिचे ओठ विलग झाले. आत श्वास जाताना मी बघितला.

"आले!" मी ओरडले. "आले रे, मी येतेय, मी!"

एवढ्या मोठ्यानं ओरडले की यार्ले जिन्यावरून धडपडत खाली आला. पोर दचकून रडायला लागली, साधंसं, भुकेचं रडणं. मी तिला उचलून छातीशी घट्ट धरलं. भट्टीघराचं दार आता लागलेलं होतं. यार्लेनं विचारलं, की कुणाला ओ दिली. मी म्हटलं, तुझ्या सासऱ्याला, आणि त्याला ती थट्टा वाटली.

बाळाची बिअर शेवटी यार्लेच्या पांढऱ्या पिशव्यांमधून झाली. फिकी, निवळ, सरळ स्वभावाची. एल्ड्रिडच्या नावानं हाळी दिली, तिनं वरून ओ दिली आणि जानेवारीत गावानं ती पिऊन संपवली. चांगली झाली होती. मी तसं त्याला सांगितलंसुद्धा. दुसरं पिंप तळघरात राहिलं. त्याला हात लावायचा नाही असं मी सगळ्यांना बजावलं. आमची बिअर दोन-तीन आठवड्यांत शांत होते. ही जानेवारीत बुडबुडत होती, फेब्रुवारीत बुडबुडत होती. ओडमुंड दर रविवारी येऊन पिंपाला कान लावायचा. त्याला माणसाचं बोलणं नीट ऐकू येत नाही, पण ते बुडबुडणं यायचं. अजून चालूच आहे, म्हणायचा, आणि मग आम्ही कॉफी प्यायचो. मी ओ दिली होती, पण निघायला वेळ लावत होते. इंगेब्रिक्टला माझी सवय माहीतच आहे.

तेवढ्यात बरंच उरकलं. छप्पर शाकारून घेतलं. गाई ओडमुंडच्या पुतण्याला दिल्या. यार्लेला भट्टी कशी लावायची ते नीट शिकवलं, आणि माळ्यावरचे दोन्ही आकडे रंगवून घेतले, एक काळा, एक लाल, म्हणजे कुणाची चूक व्हायला नको. पोर पालथी पडायला लागली, माझं बोट धरून चोखायला लागली. मे महिन्यात तिला खालचा पहिला दात फुटला. तो मीच आधी बघितला, एल्ड्रिडच्याही आधी. त्याचा मला फार आनंद झाला.

या रविवारी ओडमुंडनं पिंपाला कान लावला आणि बराच वेळ काढला नाही; आत शांत झालं होतं. मग टोपी हातात घेऊन वर आला आणि माझ्याकडे न बघता कॉफीला बसला.

आज सकाळी ऊन छान पडलं होतं. पोरीला मांडीवर घेऊन मी दाराच्या पायरीवर बसले होते, ती माझ्या गळ्यातल्या साखळीशी खेळत होती. तेव्हा ओढ्याकडून पुन्हा हाक आली. पहिल्यापेक्षा जवळून.

पोरीनं मान वळवली नाही.